नावाउका खरंच मोठा कोच की लेवांडोव्हस्की मिळाला म्हणून नाव झालं?

रात्रीची_मॅच
पोलंडच्या फुटबॉल टीमचा विषय निघाला आणि मी तिचा 2013 ते 2018 चा कोच आदाम नावाउकाचं नाव घेतलं की एकच उत्तर येतं, लेवांडोव्हस्कीसारखा स्ट्रायकर होता हो, कोण पण कोच चालला असता. मला हे अजिबात पटत नाही. युरो 2016, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, आठवा. पहिल्या चार मॅचमध्ये लेवांडोव्हस्कीचा एकही गोल नाही, एकही! तरी टीम क्वार्टर फायनलला गेली. नॉर्दर्न आयर्लंड 1-0, जर्मनी 0-0, युक्रेन 1-0, मग स्वित्झर्लंडला पेनल्टीवर काढलं आणि पोर्तुगालशी पण 1-1, तिथे पेनल्टीवर हरली. पाच मॅचमध्ये फक्त दोन गोल खाल्ले आणि पेनल्टी शूटआउट सोडलं तर एकही मॅच हरले नाहीत. याच पोलंडने 2012 ला घरच्या युरोत एकही मॅच जिंकली नव्हती आणि 2014 च्या वर्ल्डकपला तर पोचलेच नव्हते.

नावाउका स्वतः मिडफिल्डर होता, विस्वा क्राकूव्ह क्लबचा. 1978 च्या वर्ल्डकपला अर्जेंटिनात खेळला तेव्हा फक्त 20 वर्षांचा होता, त्यानंतर दुखापतींनी करिअर खाल्लं आणि 1982 ला पोलंड तिसरा आला तेव्हा हा टीममध्येच नव्हता. ज्याला स्वतःच्या पायांनी असं मध्येच सोडलं त्याने टीम बांधताना चमकणाऱ्यापेक्षा राबणाऱ्याला जपलं यात मला तरी नवल वाटत नाही.

ऑफसाइड_नाही
दादा, 2016 वर थांबलात, 2018 चं काय? आणि युरोला पोचवलं कोणी ते पण सांगा की. क्वालिफायरमध्ये लेवांडोव्हस्कीचे 13 गोल. रशियाच्या वर्ल्डकपच्या क्वालिफायरमध्ये 16, युरोपात तेव्हाचा रेकॉर्ड. हे काढून बघा टीम कुठे राहते. ऑक्टोबर 2014 ला वॉर्सात जर्मनीला 2-0 हरवलं त्याचं सगळे कौतुक करतात, मी पण रात्री सव्वाबाराला लावून बसलो होतो, पण जर्मनीने शॉटवर शॉट मारले आणि गोलकीपर श्चेस्नीने अडवले म्हणून पोलंड जिंकला. दुसरा गोल मिलाचा, त्याला पास कोणाचा? लेवांडोव्हस्कीचाच.

रात्रीची_मॅच
पण पहिला गोल कोणाचा? मिलिकचा. मिलिक 17 वर्षांचा पोरगा गूर्निक झाब्जे क्लबमध्ये आला तेव्हा तिथे कोच नावाउकाच होता. डिफेंडर पाझ्दान गूर्निकचा, मिडफिल्डर मोंचिन्स्की गूर्निकचा. युरोत जर्मनीविरुद्ध पाझ्दान काय खेळला ते ज्याने पाहिलं त्याला विचारा, तोवर पोलंडबाहेर त्याला कोण ओळखत होतं? मोंचिन्स्की तर मध्ये चीनमध्ये खेळून आलेला. हे लोक कुणी त्याला आयते दिले नव्हते, त्याने क्लबात रोज बघितलेले होते, कोण किती पळतो आणि कोण कुठे चुकतो हे त्याला माहीत होतं. जर्मनीला त्याआधी पोलंड कधीच हरवू शकला नव्हता हो, 18 मॅचमध्ये एकदाही नाही. आणि ते तीन महिन्यांपूर्वीचे वर्ल्ड चॅम्पियन.

तिसरी_बेंच
मला दोघांचं थोडं थोडं पटतंय पण एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. बोनिएक, पोलंडचा जुना मोठा प्लेयर. 2002 मध्ये बोनिएक स्वतः पोलंडचा कोच होता, लाटव्हियाकडून वॉर्सात हरले आणि काही महिन्यांत त्याने सोडलं. नंतर फेडरेशनचा अध्यक्ष झाल्यावर 2013 ला त्यानेच नावाउकाला आणलं तेव्हा लोक म्हणत होते गूर्निकचा कोच नॅशनल टीमला कशाला. सुरुवात पण वाईट, पहिल्याच मॅचला स्लोव्हाकियाकडून घरी 0-2. बोनिएकने तेव्हा हात काढला नाही. प्लेयर म्हणून बोनिएक कुठे आणि नावाउका कुठे, पण कोच म्हणून उलटं झालं.

ऑफसाइड_नाही
बोनिएकचं मान्य. पण त्याच नावाउकाने 2018 ला काय केलं बघा ना. वर्ल्डकपच्या ड्रॉमध्ये पहिल्या पॉटसाठी, म्हणजे अव्वल टीमांच्या गटासाठी, रँकिंग सांभाळायचं म्हणून जवळपास वर्षभर फ्रेंडली खेळलेच नाहीत. रँकिंग आलं पण टीम घडायची राहून गेली, निदान माझं तरी हेच मत आहे. मग शेवटच्या काही महिन्यांत तीनच्या बॅकलाइनचे, म्हणजे मागे तीनच डिफेंडर ठेवण्याचे प्रयोग. सेनेगलविरुद्ध चार डिफेंडर, हाफटाइमला विंगर कुबा ब्वाश्चिकोव्हस्कीला काढून डिफेंडर बेडनारेकला आणलं आणि तीन केले, दुसरा गोल कसा खाल्ला आठवतंय? मिडफिल्डर क्रिहोव्हियाकचा उंच बॅकपास, बेडनारेक आणि श्चेस्नी एकमेकांकडे बघत राहिले आणि सेनेगलचा नियांग, जो बाहेर उपचार घेऊन नुकताच मैदानात आला होता, बॉल घेऊन गेला. कोलंबियाविरुद्ध परत तीन, आणि 0-3. दोन मॅचमध्ये वर्ल्डकप संपला. जपानला 1-0 हरवलं पण तेव्हा घरची तिकिटं काढून झाली होती.

रात्रीची_मॅच
दुखापती विसरलात. डिफेंडर ग्लिकचा खांदा वर्ल्डकपच्या तोंडावर ट्रेनिंगमध्ये गेला. मिलिकचे गुडघे दोन वर्षांत दोनदा. क्रिहोव्हियाक इंग्लंडमध्ये लोनवर होता ती टीमच खाली गेली, कुबा सीझनभर दुखापतींतच. ज्या मिडफिल्डवर 2016 उभं होतं तेच मोडलेलं होतं.

ऑफसाइड_नाही
मग मोडलेल्या मिडफिल्डला नवीन फॉर्मेशन शिकवायचं का जुनंच सोपं खेळायचं? दुखापती सगळ्यांनाच होतात हो. मला राग याचाच येतो, की ज्याची सगळी ताकद साधेपणात होती त्यानेच ऐन वेळी साधेपणा सोडला. सोडायचाच होता तर 2017 मध्ये कोपनहेगनला डेन्मार्ककडून 0-4 खाल्ले तेव्हा कळायला हवं होतं, तेव्हा भरपूर वेळ होता. आणि क्लबचं बघा, वर्ल्डकपनंतर लेख पोझनान या क्लबला गेला, नोव्हेंबर 2018 मध्ये आला आणि मार्चअखेर बाहेर. मोठा कोच असा चार महिन्यांत जातो का?

क्राकूव्हवाली
मी तिकडे पोलंडमध्ये शिकायला होते तीन वर्षं म्हणून लिहितेय, फुटबॉलचं मला तुमच्याएवढं कळत नाही. पण 2016 चा उन्हाळा लोक अजून वेगळ्या आवाजात सांगतात. माझ्या घरमालकीण आजी, मॅच न बघणाऱ्या, त्यांना पण पाझ्दान माहीत. 2018 विचारलं तर खांदे उडवतात आणि विषय बदलतात. त्या एका उन्हाळ्यासाठी लोकांनी त्याला बरंच माफ केलंय असं मला दिसलं.

रात्रीची_मॅच
ऑफसाइड, तुझा साधेपणाचा मुद्दा बरोबर आहे, तीनच्या बॅकलाइनचं मी पण समर्थन करणार नाही. लेख पोझनान पण फसलं. पण कुबाचं घे. त्याच्याकडून कॅप्टनशिप काढून लेवांडोव्हस्कीला दिली तेव्हा पोलंडमध्ये केवढी नाराजी होती, दुसरा कोच असता तर कुबा परत आलाच नसता. युरोच्या आधी तो फिओरेंटिनात बेंचवर जास्त आणि मैदानात कमी, तरी नावाउकाने त्याला खेळवलं. युक्रेनविरुद्ध गोल कुबाचा, स्वित्झर्लंडविरुद्ध गोल कुबाचा, त्याच मॅचमध्ये शूटआउटची चौथी पेनल्टी पण कुबाने मारली. लेवांडोव्हस्की होता म्हणून हे झालं असं म्हणता येईल का?

ऑफसाइड_नाही
नाही म्हणता येणार. पण स्वित्झर्लंडविरुद्ध पहिला बदल त्याने जादा वेळेत केला, पाय गळून गेले होते पोरांचे. पोर्तुगालविरुद्ध पण 80 मिनिटं तीच अकरा. दुसऱ्या मिनिटाला आघाडी घेतली होती, लेवांडोव्हस्कीच्या गोलवर, ती मॅच मारायला पाहिजे होती.

रात्रीची_मॅच
हो, ती मारायला पाहिजे होती. मार्से शहरात त्या मॅचच्या शूटआउटला कुबा पुन्हा चौथी पेनल्टी घ्यायला चालत गेला आणि पोर्तुगालचा गोलकीपर रुई पात्रिसियोने अडवली, तेव्हा इथे रात्रीचे तीन वाजून गेले होते आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो होतो, घरचे झोपले होते म्हणून. पोर्तुगालला जिंकवणारी क्वारेझ्माची पेनल्टी मी बघितलीच नाही.