अझेदिन अलाया आणि अ‍ॅना विंटूर : वाद नेमका कशाचा होता?
(धावदोरा, उरेब आणि काजेबटण या टोपणनावांनी झालेली चर्चा)

धावदोरा :
अझेदिन अलाया यांच्याविषयी वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. मूळचे ट्युनिसचे, पॅरिसमध्ये नाव काढलेले हे डिझायनर १९८० च्या दशकात कीर्तीच्या शिखरावर होते. तरीही २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मॉडेल आणि फॅशन यांच्या नात्यावर प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांच्या कपड्यांना तिथे स्थान मिळाले नाही. अमेरिकन 'व्होग' या फॅशन मासिकाच्या तत्कालीन संपादक अ‍ॅना विंटूर यांच्याशी असलेल्या वैराकडे तेव्हा बोट दाखवले गेले. हे वैर व्यक्तिगत होते, की त्यामागे काही तत्त्व होते?

उरेब :
माझ्या मते वादाच्या मुळाशी वेळ आहे. पॅरिसच्या फॅशन सप्ताहाच्या तारखा ठरलेल्या असतात. त्या दिवसांत संपादक आणि खरेदीदार शहरात येतात, आणि काय छापायचे, काय विकायचे हे त्यावर ठरते. १९९० च्या दशकात, बहिणीच्या निधनानंतर, अलाया या धावपळीतून बाजूला झाले. कपडे पूर्ण झाले की पॅरिसच्या मारे भागातल्या आपल्याच वास्तूत ते दाखवायचे, मग तोवर संपादक मंडळी परत गेलेली असली तरी हरकत नाही, असा त्यांचा शिरस्ता झाला. ज्यांचा अधिकार त्या वेळापत्रकावर उभा आहे, त्यांना हे मानवणे कठीणच होते.

मी स्वतः कपडे बेतते, म्हणून मला त्यांची बाजू मनापासून पटते. उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरक्या कापलेल्या घेराची कड लगेच दुमडता येत नाही. तो रात्रभर टांगून ठेवावा लागतो, कारण कापड स्वतःच्याच वजनाने ओढले जाते आणि कुठे एक बोट, कुठे दोन बोटे खाली उतरते. मग जमिनीपासून माप घेऊन कड पुन्हा सारखी करावी लागते. ती रात्र वाचवली, तर कपडा अंगावर चढल्यावर चूक लपत नाही. अलाया स्वतः रात्री उशिरापर्यंत बसून नमुने कापत आणि मॉडेलच्या अंगावर टाचण्या लावत कपडा घडवत. अशा कारागिराला तारीख बांधून देणे मला अन्यायाचे वाटते.

काजेबटण :
हे खरे असले, तरी हा नकार त्यांना परवडत होता, हेही लक्षात घ्यायला हवे. त्यांची सुरुवातच खासगी ग्राहकांसाठी कपडे शिवण्यातून झाली होती, आणि पुढे २००० मध्ये प्राडा व २००७ मध्ये रिशमाँ हे मोठे समूह त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नवख्या डिझायनरने मासिकांकडे अशी पाठ फिरवली, तर त्याचे दुकान एका हंगामात बंद होईल. शिवाय २०११ च्या एका मुलाखतीत, डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी आयुष्यात कात्री हाती धरली नाही, असे अलाया म्हणाले, ते मला पटत नाही. रेखाटनातून कल्पना मांडून ती कार्यशाळेतील कुशल हातांकडून उतरवून घेणे, हीही या व्यवसायाची जुनी रीत आहे.

धावदोरा :
त्याच मुलाखतीत विंटूर व्यवसाय उत्तम चालवतात, असे मान्य करून अलाया यांनी त्यांच्या फॅशनच्या जाणिवेवर मात्र आक्षेप घेतला होता. म्हणजे अर्थकारण तुमचे, पण कपड्याचा निवाडा तुमचा नव्हे, असेच त्यांना म्हणायचे असावे. या वादात त्यांच्या बाजूने कोणी उभे राहिले का?

उरेब :
हो, मॉडेल नेओमी कॅम्पबेल. त्या सोळाव्या वर्षी पॅरिसला आल्या, तेव्हा अलाया यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले होते आणि त्या त्यांना 'पापा' म्हणत. २००९ च्या त्या प्रदर्शनाच्या उद्घाटन समारंभाला त्या गेल्या नाहीत.