प्रतिसाद: डिसकॉर्डचा करारपत्राविना चाललेला व्यवहार

स्वतंत्र लेबल, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून गाण्यांच्या तबकड्या काढणारी छोटी संस्था, ही बँडसाठी मोठ्या कंपनीकडे जाण्याची पहिली पायरी असते, असे या चर्चेतल्या आधीच्या एका प्रतिसादात म्हटले आहे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथल्या डिसकॉर्ड रेकॉर्ड्स या लेबलला तरी ते लागू पडत नाही.

१९८० साली 'टीन आयडल्स' हा शाळकरी वयाच्या मुलांचा बँड फुटला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले काहीशे डॉलर वाटून घेण्याऐवजी इयन मकाय, जेफ नेल्सन आणि नेथन स्ट्रेचेक यांनी त्यातून आपल्याच आठ गाण्यांची सात इंची तबकडी काढली, आणि तिच्यासाठी डिसकॉर्ड हे लेबल जन्माला आले. तबकड्यांची वेष्टणे कात्रीने कापून, दुमडून, डिंकाने चिकटवण्याचे काम मित्रमंडळी एकत्र बसून करत. हे चित्र मला फार मोलाचे वाटते, कारण लेबलचा पुढचा सगळा स्वभाव त्यातच दिसतो.

आपल्या शहराच्या परिसरातलेच बँड घ्यायचे, बँडशी लेखी करार करायचा नाही, खर्च वजा जाता उरलेला नफा वाटून घ्यायचा आणि किंमत शक्य तितकी कमी ठेवायची, ही पद्धत त्यांनी टिकवली. पुढे मकाय यांच्या 'फुगाझी'ला मोठ्या कंपन्यांनी बोलावूनही तो बँड डिसकॉर्डवरच राहिला आणि त्याच्या कार्यक्रमांचे तिकीट बहुधा पाच डॉलरच असे. बँडला कागदाने बांधले नव्हते, सोडून जाण्याची पूर्ण मोकळीक होती. तरीही तो राहिला, हे पायरीच्या उपमेत बसत नाही.