विषय: रिसॉर्ट फी, पार्किंगचे पैसे आणि आपला डिसेंबरचा मराठवाडा दौरा

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, मुक्काम परभणी

मंडळातील सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

डिसेंबरमध्ये परदेशी राहणाऱ्या आपल्यातील अकरा कुटुंबे मुलाबाळांसह वेरूळ-अजिंठा पाहायला येणार आहेत आणि त्यांच्या मुक्कामाची चौकशी मी इथून करावी, असे समितीने कळवले, याचा मला मनापासून आनंद झाला. कालपर्यंत छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या दोन रिसॉर्टांची दरपत्रके हाती आली. ती वाचताना एप्रिलमधील लास व्हेगासचा प्रवास आठवला आणि रात्री नीट झोप लागली नाही. त्यामुळे दर कळवण्याआधी हे सविस्तर लिहीत आहे.

मुलीकडे अमेरिकेत फिनिक्सला आम्ही उभयता सहा महिने होतो. तिने मार्चमध्ये तीन रात्रींसाठी दोन खोल्या ठरवल्या. दर एका खोलीला रात्री ८९ डॉलर होता. सहा खोली-रात्रींचे ५३४ आणि त्यावर १३.३८ टक्के कर धरून ६०५ डॉलर ४५ सेंट होतात, असा हिशेब तिने आम्हाला जेवणाच्या टेबलावर सांगितला आणि मी तो माझ्या वहीत लिहून ठेवला. निघण्याच्या दिवशी पहाटे खोलीच्या दाराखालून बिलाचा कागद आत सरकवलेला होता. यजमानांनी चष्मा लावून तो पलंगाच्या कडेवर बसून वाचला आणि काही न बोलता माझ्याकडे दिला. खोलीच्या भाड्याच्या ओळींमध्ये दर रात्री ४९.९५ डॉलरची 'रिसॉर्ट फी' होती, तीही प्रत्येक खोलीला वेगळी आणि तिच्यावरही तोच कर. असे ३३९ डॉलर ८० सेंट झाले. त्याखाली गाडी उभी करण्याचे रात्रीचे १८ प्रमाणे ५४ डॉलर. माझ्या वहीतल्या ६०५ चे ९९९ डॉलर २५ सेंट झाले होते.

ही फी कशाची, असे मुलीने काउंटरवर विचारले, तेव्हा व्यायामशाळा, इंटरनेट आणि स्थानिक फोन यांची, असे उत्तर मिळाले. यजमानांचे दोन्ही गुडघे दुखतात आणि खोलीतला फोन तर आम्ही उचललाही नव्हता. काउंटरवरचा मुलगा सौजन्याने बोलत होता, पण ही फी सर्वांना सक्तीची आहे, ती काढणे माझ्या हातात नाही, असे त्याने सांगितले. बुकिंग करताना शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत तसा उल्लेख होता, हे मुलीला नंतर दिसले. परतीच्या पाच तासांच्या रस्त्यात ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आई, मी तुम्हाला चुकीचा आकडा सांगितला." ज्या चुकीत तिचा काही भाग नव्हता, तिची शरम तिला वाटावी, याचे मला आजही दुःख होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले. आमच्याकडच्या आठवडी बाजारात भाव सांगितला जातो, त्यावर घासाघीस होते, पण एकदा भाव ठरला की तराजूचे, पिशवीचे किंवा बसायच्या जागेचे पैसे कोणी वरून मागत नाही. आता आलेल्या दोन दरपत्रकांपैकी एकात खोली ४,८०० रुपयांची आहे, पण खाली 'सुविधा शुल्क' दर माणशी दर रात्री ४०० आणि 'वाहन प्रवेश' २०० असे लिहिले आहे. नवराबायको आणि दोन मुले धरली तर करासह ६,९२० रुपये होतात. चालकाच्या झोपण्याची व्यवस्था काय, तर "आल्यावर पाहू" असे उत्तर आहे. दुसऱ्या दरपत्रकाचीही साधारण हीच तऱ्हा आहे. ही पद्धत आपल्या मातीत रुजू द्यायची का, यावर सर्वांनी मत कळवावे.

कळावे, लोभ असावा.

* * *

प्रेषक: एक सभासद, मुक्काम फिनिक्स, मूळ गाव जालना

आदरणीय काकू, साष्टांग नमस्कार.

मी गेली बारा वर्षे हॉटेलांच्या हिशेबाचे काम करतो, म्हणून ही फी कशी आली, ते आपल्याला सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. प्रवासी संकेतस्थळावर हॉटेलांची यादी दराच्या क्रमाने लावून पाहतात. ८९ डॉलरचे हॉटेल वर दिसते आणि १३९ चे खाली जाते. त्यामुळे एकाने खोलीचा दर उतरवून उरलेले पैसे फीमध्ये टाकले की शेजाऱ्याला तसेच करावे लागते, नाही तर प्रामाणिक दर लिहिणारा हॉटेलवाला यादीच्या तळाशी राहतो. शिवाय संकेतस्थळांचे कमिशन बराच काळ खोलीच्या दरावरच मोजले जात असे आणि फी त्यातून सुटत असे. सुविधांचा आणि फीचा संबंध एवढाच की बिलावर काही तरी नाव लिहावे लागते.

पार्किंगची गोष्ट वेगळी आहे. लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरील हॉटेलांमध्ये गाडी फुकट उभी करता येणे ही पिढ्यान्पिढ्यांची रीत होती. २०१६ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीने शुल्क सुरू केले आणि पाठोपाठ इतरांनीही केले. आमच्यासारखे जे पाच तास गाडी चालवून जातात, त्यांना ते अधिक झोंबते, कारण तिथे पोहोचल्यावर गाडी न्यायची तरी कुठे?

अमेरिकेत ग्राहकांच्या हिताकडे पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१२ मध्येच बावीस हॉटेल कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे पाठवली होती. प्रत्यक्ष नियम मात्र डिसेंबर २०२४ मध्ये ठरला आणि १२ मे २०२५ पासून लागू झाला. तुमचा प्रवास एप्रिलचा, म्हणजे थोडक्यात हुकला. आता मुक्कामाची जाहिरात करताना सक्तीच्या सर्व शुल्कांसह एकूण किंमत आधी आणि सर्वांत ठळक दाखवावी लागते. सरकारी कर तेवढे नंतर दाखवता येतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या नियमाने फी बंद झालेली नाही आणि तिच्यावर मर्यादाही आलेली नाही. आणि पार्किंग ऐच्छिक ठरवले, तर ते त्या ठळक आकड्याच्या बाहेर राहू शकते, पैसे भरण्यापूर्वी सांगितले म्हणजे पुरे. त्यामुळे पार्किंगची चौकशी आजही आपली आपणच करावी लागते.

आपल्या मुलीला माझा निरोप द्यावा की तिची काही चूक नव्हती. आकडेमोड करणारी माणसेही इथे फसलेली मी रोज पाहतो.

* * *

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, मुक्काम लातूर

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगा परदेशी असल्यामुळे मंडळाच्या या पत्रांच्या यादीवर मी वाचक म्हणून आहे, एरवी लिहीत नाही. परंतु पस्तीस वर्षे लातूरच्या न्यायालयात वकिली केली असल्याने आपल्या पत्राला उत्तर देणे भाग आहे.

आपल्याकडे कायदा नाही, असा समज करून घेऊ नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांपैकी एकाचे नाव 'ड्रिप प्रायसिंग' आहे, म्हणजे किंमत सुरुवातीला पूर्ण न सांगता थेंबाथेंबाने उघड करणे. आपल्या दुष्काळी भागात ठिबक म्हटले की शेतकऱ्याला पाणी वाचवणारी नळी आठवते. त्याच शब्दाने गिऱ्हाइकाचा खिसा पाझरत ठेवण्याची ही रीत ओळखावी लागते, याचा मला खेद होतो. संकेतस्थळावर खोलीचा दर एक दाखवायचा आणि नोंदणी झाल्यावर सक्तीचे सुविधा शुल्क सांगायचे, हे माझ्या मते सरळ याच प्रकारात मोडते. तसेच, बिलात सेवा शुल्क आपोआप जोडू नये, असे हॉटेले व उपाहारगृहांना याच प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले होते. त्याविरुद्ध हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ च्या निकालात प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली गेली.

पार्किंगविषयी एक महत्त्वाचे सांगतो. पैसे घेऊन वर "वाहने मालकाच्या जबाबदारीवर" अशी पाटी लावलेली आपण सगळीकडे पाहतो. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलात १९९८ मध्ये पाहुण्याने गाडीची चावी कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि ती गाडी चोरीला गेली. चावीसोबत दिलेल्या चिठ्ठीवर मालकाच्याच जबाबदारीचा मजकूर होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये असे ठरवले की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा मजकुराने झटकता येत नाही. तेव्हा आपल्या दौऱ्यात चावी कोणाच्या हाती द्यावी लागली, तर पावती अवश्य घ्यावी.

तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या आयोगाकडे अर्ज देता येतो. रिसॉर्ट संभाजीनगरचे असले तरी आपण परभणीत दाद मागू शकता.

* * *

प्रेषक: एक सभासद, मुक्काम ह्यूस्टन, मूळ गाव अंबाजोगाई

सर्वांना नमस्कार.

माझे मत थोडे निराळे आहे, ते कोणी मनाला लावून घेऊ नये. आपण डॉलरमध्ये कमावतो आणि दोनशे रुपयांच्या वाहन प्रवेशावर पत्रे लिहितो, हे मला बरे वाटत नाही. मराठवाड्यात रिसॉर्ट चालवणाऱ्याला उन्हाळ्यात टँकरने पाणी विकत घ्यावे लागते आणि वीज गेली की जनरेटर लावावा लागतो. आसपासच्या गावांतली मुले तिथे कामाला असतात. गेल्या जानेवारीत आम्ही हुरडा खायला ज्या शेतावर गेलो होतो, तिथे माणशी दर ठरलेला असूनही दह्याचे आणि बैलगाडीच्या फेरीचे पैसे वेगळे घेतले. मी ते न बोलता दिले, कारण ज्वारी भाजणाऱ्या आजींच्या हातांना आगीची धग लागत होती आणि मला त्यांच्याशी हिशेब करावासा वाटला नाही.

* * *

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, मुक्काम परभणी

सर्वांना सप्रेम नमस्कार.

तिन्ही पत्रे मी दोनदा वाचली. जालन्याच्या चिरंजीवांचे पत्र मुलीला वाचून दाखवले, तेव्हा तिला हायसे वाटले. वकीलसाहेबांच्या माहितीसाठी मी त्यांची ऋणी आहे.

अंबाजोगाईच्या भाऊंच्या मनातला जिव्हाळा मला पूर्ण मान्य आहे. टँकरचा खर्च मी या घरात जन्मभर पाहिला आहे. तो रिसॉर्टवाल्याने आपल्या दरात धरावा, मी तो आनंदाने देईन. पण ४,८०० चा आकडा पाहून जालन्याचा एखादा शिक्षक मुलांना वेरूळ दाखवायला निघाला आणि फाटकावर त्याला ६,९२० सांगितले, तर त्याने मुलांना गाडीत बसवून परत न्यावे का? भाऊ, आपल्याला ते पैसे सोसवतात म्हणून आपण गप्प राहिलो, तर उद्या हाच पायंडा पडेल आणि ज्यांना ते सोसत नाहीत त्यांच्याही माथी तो बसेल. आणि हुरड्याच्या शेतावरचे दह्याचे पैसे त्या आजींच्या हाती गेले की नाही, हे आपल्याला ठाऊक आहे का? माझ्या मनात ती शंका राहिली.

परवा मी तिसऱ्या ठिकाणी फोन केला. वेरूळच्या रस्त्यावर शेताला लागूनच त्यांची वीस खोल्यांची जागा आहे. मालकीणबाई स्वतः बोलल्या. मी त्यांना एवढेच विचारले की चौघांच्या कुटुंबाला एका रात्रीचे एकूण किती द्यावे लागतील आणि त्याच्यावर एक रुपयाही नको. त्यांनी दोन मिनिटे मागितली, कोणाला तरी आतून हाक मारून डिझेलचे विचारले आणि मग ७,००० म्हणाल्या. त्यात खोली, सकाळचा नाश्ता, गाडी, चालकाला पलंग आणि जेवण, आणि कर असे सर्व येते. संध्याकाळी तेच एका ओळीत लिहून मोबाइलवर पाठवले. खोलीचा दर ७,५०० च्या आत असल्यामुळे सप्टेंबर २०२५ पासूनच्या पद्धतीप्रमाणे त्यावर पाचच टक्के जीएसटी आहे, तोही त्यांनी आपणहून सांगितला. पहिल्या रिसॉर्टपेक्षा ही रक्कम ऐंशी रुपयांनी जास्त आहे, आणि माझा आग्रह आहे की आपण इथेच उतरावे. नको असलेल्या दोन्ही रिसॉर्टांना मी आज पत्र पाठवून कारण कळवले आहे, म्हणजे गिऱ्हाईक कशामुळे गेले, हे त्यांना समजेल.

बाकीच्या सूचना थोडक्यात लिहिते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, म्हणून आपण बुधवारी पोहोचावे. अजिंठ्याला आपल्या गाड्या फर्दापूरच्या फाट्यापर्यंतच जातात. तिथे पार्किंगचे आणि पुढे लेण्यांपर्यंतच्या बसचे पैसे वेगळे पडतात. ते सर्वांना सारखेच असतात आणि खिडकीवर पावती मिळते, तेव्हा त्यांची तरतूद आधीच करावी. लेण्यांचे तिकीट भारतीयांना ४० आणि परदेशी नागरिकांना ६०० रुपये आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) आहे, त्यांना भारतीयांच्याच दराने तिकीट मिळते, कारण मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेत तशी तरतूद आहे. कार्डाची मूळ प्रत प्रत्येकाने पर्समध्ये ठेवावी, सामानाच्या बॅगेत नको.

मालकीणबाईंना खोल्यांचा पक्का आकडा येत्या रविवारपर्यंत हवा आहे. प्रत्येक कुटुंबाने माणसे किती, गाडी किती आणि चालक सोबत आहे की नाही, एवढे मला कळवावे.

कळावे, लोभ असावा.