फेब्रुवारीत १०० किमी, त्याआधी डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा: किती जोर लावावा?

टेकडीपलीकडे:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीअखेर डोंगरातली १०० किमीची रेस करायची आहे. तिची तयारी म्हणून डिसेंबरातल्या सिंहगड-राजगड-तोरणा ५३ किमीत नाव घातलंय. मधे दहा-अकरा आठवडे मिळतात. सध्या आठवड्याला ५५-६० किमी होतात, बहुतेक पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, रविवारी सिंहगड. ५३ पूर्ण ताकदीने पळावी की राखून? खाण्याचं गणित कसं बसवायचं? आणि नंतर मोठा सराव परत कधी धरायचा?

मावळवाट:
राखून. जीव तोडून पळालात तर पाय सावरायलाच तीन-चार आठवडे जातात, आणि नेमके तेच आठवडे १०० च्या मोठ्या सरावाचे असतात. चढावर दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत, हेच माप शेवटपर्यंत ठेवा. घड्याळातला पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटं) विसरा. सिंहगडाची आतकरवाडीची वाट पावणेतीन किमीत सहाशे मीटरच्या आसपास चढते, तिथे पेसला काही अर्थच उरत नाही.

खरा घात उतारावर होतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच भार झेलतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दम शाबूत असतो, पण ३५-४० किमीनंतर साध्या पायऱ्याही उतरवत नाहीत. मात्र एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तसाच मार बराच सहज सोसतो. ५३ चा १०० ला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

हा मार पहिल्यांदाच रेसमध्ये बसू देऊ नका. ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला आतकरवाडीतून सिंहगड वर-खाली, आधी दोनदा, मग तीनदा. चढ चालत, उतार छोट्या आणि भरभर पावलांनी. पाऊल कमरेच्या खाली पडलं पाहिजे. टाच पुढे रोवून ब्रेक मारत उतरलात की गुडघाही जातो आणि मांडीही. घसाऱ्यावर (सुट्या मुरमाच्या निसरड्या उतारावर) भीतीने मागे रेलू नका, वजन टाचेवर गेलं की मुरमावरून बूट सुटतोच.

रूट आयोजकांच्या जीपीएक्सवरूनच (घड्याळात किंवा फोनमध्ये उघडायची वाटेची फाइल) बघा. पण एकंदर मुलूख असा: सिंहगड आणि राजगडमधल्या विंझर-साखर गावांच्या बाजूला वाट सोपी होते आणि पाय आपोआप सुटतात. तिथे उधळलेली ताकद पुढे राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याला जाणाऱ्या धारेवर कमी पडते. त्या धारेवर सावली तुटक आहे, आणि पाणी मिळेल असं धरून चालायचं नाही. दीड-दोन लिटर अंगावर हवंच.

मीठसाखर:
वरच्या सल्ल्यात एक दुरुस्ती सुचवते. अगदीच आरामात पळालात तर पोटाची परीक्षा होत नाही. पोट बिघडतं ते उन्हात, श्रम वाढल्यावर, कारण रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं आणि आतड्याला कमी पडतं. म्हणून १०० ज्या चालीने पळणार त्याच चालीने पळा. शेवटच्या ८-१० किमीत थोडा जोर लावलात तर हरकत नाही.

खाणं तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं धरा, आणि पहिल्या अर्ध्या तासातच सुरू करा. भूक लागल्यावर खाल्लं की उशीर झालेला असतो. महागडं एनर्जी जेल लागतंच असं नाही. ५०० मिली पाण्यात ४० ग्रॅम साधी साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज असतं आणि दोन्ही आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषली जातात, म्हणून ती पचते. याहून घट्ट केलंत तर पोटात डचमळायला लागतं. उरलेले २० ग्रॅम एका केळ्यातून किंवा मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्यातून (साधारण १०० ग्रॅम). शेंगदाण्याची चिक्की आणि साबुदाण्याची खिचडी चविष्ट खरी, पण त्यातल्या तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं. ती चढ चालताना, थोडीच.

बरेच जण ओआरएसवर शक्ती येईल म्हणून विसंबतात. लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, सोडियम मात्र सुमारे १.७ ग्रॅम. म्हणजे ते मीठ भरून काढायला आहे, पोट भरायला नाही.

पाणी किती, हे वजनकाट्यावर ठरवा. तासभर पळण्याआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. गेलेलं सगळं भरून काढायचा अट्टहास नको. बोटं सुजली, अंगठी रुतू लागली आणि मळमळतंय, तर पाणी जास्त झालंय. आणखी पिऊ नका, मदत केंद्रावर सांगा. आणि रेसमध्ये आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं अजिबात नकोत. पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो.

उतारवाट:
पायांबद्दल कुणी लिहिलं नाही. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि कुसळं मोज्यातून आरपार घुसतात. पाच-सहा तास घोट्याला घासत राहिली की कातडी सोलते. बुटावरून गेटर (घोटा झाकणारं कापडी आवरण) चढवा, मोजे घट्ट विणीचे घ्या. बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा आणि नखं तीन-चार दिवस आधी कापलेली. फोड येण्याआधी तिथे गरम वाटायला लागतं, तेव्हाच थांबून टेप लावा. दोन मिनिटं जातात, पण रेस वाचते.

रेसनंतर पहिला आठवडा पळणं बंद, फक्त चालणं. दुसऱ्या आठवड्यात सपाटीवर ३०-४५ मिनिटं. जिना उतरताना मांडी दुखते तोवर उताराचा सराव नाही. लघवी चहाच्या रंगाची झाली तर वाट न बघता दवाखाना गाठा. तिसऱ्या आठवड्यात नेहमीच्या साठ-सत्तर टक्के, चौथ्यापासून वाढवत जा. सगळ्यात मोठा शनिवार-रविवार १०० च्या तीन आठवडे आधी: शनिवारी ३५-४०, रविवारी थकल्या पायांनी २०-२५. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा.

टेकडीपलीकडे:
मनापासून आभार. दोन शंका राहिल्या: काठ्या वापराव्यात का, आणि १०० मध्ये रात्र येणार, तिचा सराव कसा?

मावळवाट:
काठ्या १०० मध्ये वापरणार असाल तर ५३ मध्येही घ्या, मात्र रेसचे नियम आधी वाचा. लांब चढाला मांडीवरचा भार हलका होतो. घडीच्या घ्या. कातळाच्या टप्प्यावर किंवा रेलिंगच्या वाटेवर दोन्ही हात मोकळे लागतात, तेव्हा त्या पाठीवर जायला हव्यात. चालता चालता काढणं-ठेवणं टेकडीवर घोटून घ्या.

रात्रीसाठी कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची वाट, पण तीन-चार जण मिळूनच. सगळ्या टेकड्या ओळीने चढ-उताराच्या आहेत, त्यामुळे बॅटरीच्या उजेडात घसारा ओळखायची सवय होते. निव्वळ डोक्यावरच्या दिव्यात खाचखळग्यांची सावली दिसत नाही, सगळं सपाट भासतं. दुसरी बॅटरी कमरेला किंवा हातात धरली की सावली पडते आणि दगड कळतो.