‘पिशवीचं तोंड पिकलं’ असं लिहावं का?

निंबोणी: गरोदर बायकांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. कळा सुरू होण्याआधी गर्भाशयाचं मुख मऊ पडू लागतं. इंग्रजीत त्याला फळ पिकण्याचाच शब्द वापरतात, म्हणून मी ‘मुख पिकते’ लिहिलं. मसुदा वाचून मावशी घाबरली. “पिकलं म्हणजे पू झाला ना गं?” कान पिकतो, गळू पिकतं, तिचं काय चुकलं? दुसरा शब्द सुचवा.

टाकबोरू: ‘पक्व होणे’ लिहा. आणि ‘मुख’ काढा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मान. म्हणून ग्रीवा. मुख म्हणजे त्या ग्रीवेच्या टोकाचं छिद्र फक्त.

रानवारा: मी वीस वर्षं प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. कळा देणाऱ्या बाईला ग्रीवा सांगून काय कळणार? आम्ही ‘पिशवीचं तोंड’ म्हणतो. एरवी ते बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट लागतं, दिवस भरत आले की ओठासारखं. आतले कोलॅजनचे धागे सैल होतात, पाणी धरलं जातं. ‘तोंड मऊ पडलंय’ म्हटलं की कुणी घाबरत नाही.

टाकबोरू: मग पुढचं कसं सांगणार? तीन-चार सेंटिमीटरांची ग्रीवा आखूड होत होत कागदासारखी पातळ होते. आखूड होते ती मान. तोंड नव्हे.

निंबोणी: तिथेही अडलेच आहे. कुणी ‘विलोपन’ सुचवलं, पण ते वाचून बाईला वाटेल काहीतरी नाहीसंच झालं.

पाऊलवाट: नाडीचा बटवा डोळ्यासमोर आणा. नाडी सैल केली की गळ्याच्या चुण्या पिशवीच्याच कापडात मिळून जातात, आणि मग तोंड रुंदावतं. गळा गेला कुठेच नाही. मी ‘विरत जातं’ म्हणेन.

रानवारा: विरणं नको! विरलेलं कापड फाटायला आलेलं असतं. ‘पातळ होतंय’ पुरे. पहिलटकरणीचं बहुधा आधी पातळ होतं, मग उघडतं. दुसऱ्या खेपेला दोन्ही बरोबरीनं चालतं.

टाकबोरू: आणि उघडण्याला ‘विस्फारण’. डोळ्याच्या बाहुलीला तोच शब्द चालतो.

पाऊलवाट: बहिणीच्या वेळी “दोन बोटं उघडलंय” म्हणाले. तिला वाटलं, दहा बोटांपैकी दोनच झाली, आठ उरली. ती रडायलाच लागली. पूर्ण उघडल्याचा दहा हा आकडा सेंटिमीटरांचा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

रानवारा: हे फार वाईट झालं. दोन बोटं म्हणजे साधारण तीन-चार सेंटिमीटर. बोटं सगळ्यांची सारखी नसतात, म्हणून नोंदीत सेंटिमीटरच लिहावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या शिफारशींत सक्रिय टप्पा, म्हणजे तोंड भराभर उघडू लागतं तो, 5 सेंटिमीटरपासून धरलाय. त्याआधी वेळ लागतो, ते बिघडल्याचं लक्षण नव्हे. पुस्तिकेत हे ठळक टाका.

टाकबोरू: पण बोलीतलं सगळंच छापायचं तर कळांनाही ‘वेणा’ म्हणा. ‘वेदना’वरूनच आलाय तो.

पाऊलवाट: आमची आजी वेणाच म्हणायची, आणि फक्त बाळंतपणातल्याच. पोट दुखलं तर तिच्या लेखी ती कळ.

रानवारा: माझ्या तोंडी उलट. प्रसूतीच्या त्या कळा, वेणा मी क्वचितच ऐकते.

निंबोणी: ‘मऊ पडणे’ आणि ‘पातळ होणे’ घेतले. ग्रीवा की तोंड, ते अजून ठरत नाहीये.

टाकबोरू: ग्रीवा.

रानवारा: तोंड. आधी मावशीला वाचून दाखवा.