मदत हवी आहे: कॉर्न स्नेकचं पिल्लू काही खातच नाहीये

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला असतो. लेकाचा जुना हट्ट शेवटी पुरा झाला आणि घरात कॉर्न स्नेकचं (हा अमेरिकेतला बिनविषारी साप) पिल्लू आलं. इथे १६ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकत नाहीत, म्हणून कागदोपत्री मालकीण मी. प्रत्यक्षातही मीच, कारण तो शाळेत असतो आणि मी घरून काम करते. सापांशी माझा आजवरचा संबंध म्हणजे कात्रजचं सर्पोद्यान, तेही काचेच्या अलीकडून.

पिल्लू पेन्सिलीएवढं जाड, फूटभर लांब, केशरी. ब्रीडरकडे (साप पैदास करून विकणारा, ज्याच्याकडून घेतलं तो) नीट खात होतं, त्याच्या कार्डावर तशा नोंदी आहेत. घरी नेल्यावर आठवडाभर हात लावू नका म्हणाला, ते पाळलं. मग पिंकी, म्हणजे केस न आलेलं उंदराचं गोठवलेलं पिल्लू, पिशवीत घालून कोमट पाण्यात वितळवलं आणि लांब चिमट्याने समोर धरलं. याने मान मागे घेतली, शेपटी थरथरवली आणि सरळ लपणात निघून गेला. काही दिवसांनी पुन्हा तेच.

टाकी काचेची, तीन फुटी. एका टोकाला खालून हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, तिला थर्मोस्टॅट आहे. टाकीबरोबर आलेला गोल तापमापक काचेला चिकटवलाय, तो २७ दाखवतो. खाली अस्पेन लाकडाचा भुसा, उबेच्या बाजूला एक लपण, पाण्याचं भांडं.

एवढं पिल्लू किती दिवस उपाशी राहू शकतं? डॉक्टरकडे कधी न्यायचं? दुसरं म्हणजे, आमचं घर शाकाहारी. सासूबाई पुढच्या महिन्यात येतायत. साप चालेल म्हणाल्या, पण फ्रीझरमध्ये मटारांशेजारी उंदीर चालणार नाहीत. खरं तर मलाही चालत नाहीत. तिसरं, दिवाळीत आम्ही तीन आठवडे पुण्याला जातोय, तेव्हा याचं काय करायचं?

दूध पाजा असं कृपया कुणी लिहू नका, ते सासरहून सांगून झालंय.

दाणेकूट (न्यू जर्सी):
घाबरू नका ताई. नव्या जागी आलेलं पिल्लू एकदोन जेवणं टाळतं, यात विशेष काही नाही. शेपटी थरथरवणं म्हणजे "मला भीती वाटतेय", रागबिग नाही. पण तुमच्या तापमापकावर माझा विश्वास नाही. काचेवर वर चिकटवलेला गोल काटा वरच्या हवेचं तापमान सांगतो, साप राहतो जमिनीवर. वायरवाला डिजिटल घ्या आणि त्याचं टोक हीट मॅटच्या बरोबर वर, भुशाखाली, तळाला टेकवा. तिथे २९ ते ३१ हवं आणि थंड टोकाला २२ ते २४. ऊब कमी पडली तर सापाला अन्न पचत नाही, म्हणून तो खातही नाही. जबरदस्तीने खाल्लंच तर ओकून टाकतो आणि ते उपाशी राहण्यापेक्षा वाईट. ओकला तर निदान दहा दिवस काही देऊ नका, नंतर नेहमीपेक्षा लहान घास.

दुसरी गोष्ट लपणाची. एक पुरत नाही. ऊब हवी की आडोसा, असं त्याला निवडायला लावू नका. दोन्ही टोकांना घट्ट बसेल असं लहान लपण द्या. तीन फुटी टाकी पिल्लाला मोठी नाही, उघडी वाटते. खोट्या वेली, कागदाच्या नळ्या, काहीही टाकून ती भरा. झाकणाला क्लिपा आहेत ना? नसतील तर आजच लावा. हे पोर बोटभर फटीतून जातं आणि मग फ्रीजच्या मागे सापडतं, सापडलं तर.

खायला द्यायची वेळ संध्याकाळनंतरची. पिंकी मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. ती आपल्या अंगापेक्षा किंचित गरम लागली पाहिजे आणि कोरडी पुसलेली हवी. तरीही नाही घेतली तर भोकं पाडलेल्या लहान डब्यात थोडा भुसा, पिंकी आणि साप, झाकण लावून डबा रात्रभर टाकीतच ठेवा, हीट मॅटच्या अगदी वर नको. माझ्या दोन हट्टी पिल्लांनी अशीच सुरुवात केली. प्रत्येक प्रयत्नानंतर पाचसहा दिवस जाऊ द्या, रोज नाचवू नका. खाल्लं की ४८ तास हात नाही.

दर आठवड्याला वजन करा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो, आणि तो स्वयंपाकातला नको. वजन सारखं उतरत चाललं, तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, नाकातोंडाशी फेस दिसला, तर सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट (प्राण्यांचा डॉक्टर) गाठा. नळीने भरवणं वगैरे त्याच्यावर सोडा.

तस्करप्रेमी (नाशिक):
वरच्या प्रतिसादाशी सहमत. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक जोड देतो, कारण असा विषय निघाला की मला निरोप येतात. आपल्याकडचा तस्कर नावाचा साप दिसायला देखणा, बिनविषारी, कॉर्न स्नेकचा नातेवाईक म्हणावा असा. म्हणून तो बरणीत घालून घरी ठेवायचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले जंगली साप पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. धामणीचं पिल्लू सापडलं तरी तेच.

ताई, हात धुण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, साप ठणठणीत असला तरी. हाताळल्यावर साबणाने हात, आणि पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही. पाच वर्षांखालचं मूल किंवा वयस्कर माणूस घरात असेल तर जास्तच जपा.

दाणेकूट:
फ्रीझरचं राहिलं. सरळ छोटा वेगळा फ्रीझर घ्या, गॅरेजमध्ये ठेवा. वाढला की हा मोठे उंदीर खायला लागेल आणि पंधरावीस वर्षं जगेल. मटारांशी तडजोड इतकी वर्षं टिकणार नाही. पिंकी वितळवायचं भांडंही वेगळं.

दिवाळीबद्दल: मोठा साप तीन आठवडे जेवला नाही तर बिघडत नाही, या वयात मला ते चालणार नाही. शिवाय ताजं पाणी आणि थर्मोस्टॅट कुणीतरी बघायलाच हवं. तुमच्या ब्रीडरला विचारा, बरेच जण पैसे घेऊन सांभाळतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. डिजिटल तापमापक लावला. तळाशी २५ निघालं! थर्मोस्टॅट वाढवून आता ३० वर आणलंय. दुसरं लपणही ठेवलं. पण आज सकाळी त्याचे डोळे निळसर, दुधाळ दिसतायत आणि केशरी रंग पार उतरलाय. आजारी आहे का?

दाणेकूट:
कात टाकतोय हो! खात नव्हता त्याचं निम्मं उत्तर हेच असणार. आता कात पडेपर्यंत पिंकी दाखवूसुद्धा नका, हातही नको. एका डब्यात ओलसर मॉस (शेवाळ) घालून वर भोक पाडा आणि उबेच्या बाजूला ठेवा. मधे डोळे पुन्हा स्वच्छ होतील, त्यानंतर काही दिवसांत कात निघेल. ती सलग आली का, डोळ्यांवरचे गोल पापुद्रे तिच्यात आहेत का आणि शेपटीच्या टोकाला काही अडकलंय का, एवढं बघा. अडकलं असेल तर ओढायचं नाही, कोमट ओल्या कापडातून त्याला फिरू द्या. पिंकी त्यानंतर दोन दिवसांनी.

धागाकर्ती:
मॉस आणायला निघालेच. ब्रीडरला फोन केला, दिवाळीत तो स्वतःच गावाला नाही. रेडिंग, ऑक्सफर्ड किंवा पश्चिम लंडनच्या बाजूला साप सांभाळणारं खात्रीचं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.