मदत हवी: कीबोर्डचं फर्मवेअर बिल्डच होत नाहीये, वॉर्निंगमुळे अडकलंय

अमळनेरचा_की
क्यूएमके (कीबोर्डचं ओपन सोर्स फर्मवेअर) कंपाईल करतोय, काल सिस्टीम अपडेट केली आणि आता नुसतं 'ऑल वॉर्निंग्ज बीइंग ट्रीटेड ॲज एरर्स' येऊन मेक (बिल्डची कमांड) बंद पडतं. कोडला हात पण लावलेला नाही. उद्या कीबोर्ड द्यायचाय एकाला, लवकर सांगा कोणीतरी.

भुसावळ_यार्ड
भो, ही शेवटची ओळ झाली, खरी वॉर्निंग तिच्या वर असते ती टाक ना. बोर्ड कोणता, कंपायलर कितवा?

पिको_प्रेमी
प्रो मायक्रो बोर्ड असेल तर फेका तो. आरपी२०४० चिपवाला त्याच मापाचा बोर्ड मिळतो, प्रो मायक्रोतल्या एव्हीआर चिपची कटकटच संपते. मी तेच केलं.

अमळनेरचा_की
सोल्डर करून झालंय दादा, आता कुठे फेकू. प्रो मायक्रोच आहे. वॉर्निंग अशी: 'ॲरे सबस्क्रिप्ट ० इज आउटसाईड ॲरे बाउंड्स ऑफ व्होलाटाईल यूइंट८_टी[०]'. पिन रीड करतो तिथेच सगळ्या.

धुळे_टर्मिनल
रूल्स.एमके (बिल्डच्या सेटिंगची फाईल) मध्ये अलाऊ_वॉर्निंग्ज = येस टाका, वॉर्निंग आली तरी बिल्ड थांबणार नाही, विषय संपला. तसंही माझ्या उबंटू २२.०४ वर असलं काही येत नाही.

भुसावळ_यार्ड
येणार कसं, त्यात एव्हीआर-जीसीसी, म्हणजे एव्हीआरचा कंपायलर, जुना ५.४ आहे. आणि सगळ्या वॉर्निंग सोडून दिल्या तर उद्या खरी चूक पण गुपचूप निघून जाईल. @अमळनेरचा_की व्हर्जन अजून सांगितलं नाहीस.

धुळे_टर्मिनल
घरचा कीबोर्ड आहे, रॉकेट नाही सोडायचं.

नंदुरबार_इनस्क्रिप्ट
मराठीसाठी बनवताय का? इनस्क्रिप्ट लेआउटमध्ये ळ शिफ्ट-एन वर असतो, तो अंगठ्याच्या कीवर आणा, जळगाव, धुळे लिहिताना फार सुख. फर्मवेअरमध्ये युनिकोड भरू नका, नुसतं शिफ्ट-एन पाठवायचं, अक्षर ऑपरेटिंग सिस्टीम काढते.

अमळनेरचा_की
ते नंतर बघू हो. आर्च लिनक्स आहे, जीसीसी १२ च्या पुढचं काहीतरी. आणि हो, कोड मूळ क्यूएमके नाही, किट विकणाऱ्याने दिलेला जुना फोर्क (त्याची वेगळी कॉपी) आहे, त्याने काय फरक पडतो?

भुसावळ_यार्ड
तोच तर फरक आहे, हे आधी सांगायचं ना भो! जीसीसी १२ पासून ४०९६ च्या खालचा फिक्स मेमरी पत्ता दिसला की कंपायलरला वाटतं नल (रिकाम्या) पॉइंटरवरून चुकून आलाय, कारण पीसीवर पहिलं पेज रिकामं असतं. एव्हीआरचे पिन वाचायचे-चालवायचे रजिस्टर नेमके तिथेच, पोर्टबी ०x२५ वर. म्हणजे तुझा कोड बरोबर आहे. रूल्स.एमके मध्ये सीफ्लॅग्सला (कंपायलरचे पर्याय) '--पॅरम=मिन-पेजसाईज=०' जोड. मूळ क्यूएमकेमध्ये हे आधीच टाकलंय, जुन्या फोर्कला कोण टाकणार.

पिको_प्रेमी
एवढ्या वेळात आरपी२०४० घरी आला असता.

धुळे_टर्मिनल
व्हई गयं का मंग?

अमळनेरचा_की
ती वॉर्निंग गेली, पण आता म्हणतंय फर्मवेअर टू लार्ज, २८९८४/२८६७२, ३१२ बाईट जास्त. हे कुठून आलं आता?

भुसावळ_यार्ड
चिपमध्ये जागा कमी पडतेय. एलटीओ_एनेबल = येस आहे का, त्याने कोड लहान होतो. कन्सोल (डीबगचे मेसेज) आणि माऊसकी (कीबोर्डवरून माऊस) बंद कर, आणि आरजीबी लाईट लावलाय का ते पण सांग, तू काहीतरी परत लपवतोयस.

अमळनेरचा_की
आरजीबी आहे ना, सहा ॲनिमेशन. ते काढायचं नाही पण, त्याला तेच हवंय.